रडक्यांची बरणी

माझी मिशी कशी गेली ते सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि ज्याला त्याला ती गोष्ट हसत हसत सांगायची असते. हसा बापड्यांनो. पण गोष्ट माझ्या मिशीची नाहीच. गोष्ट वस्तादची आहे, आणि ती सांगायचा हक्क माझा, कारण त्याच्या खुर्चीत जेवढा मी बसलोय तेवढं दुसरं कुणी बसलेलं नाही.

वस्ताद म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानाला लागून केस कापायचं दुकान आहे ना, त्याचा मालक. तीन खुर्च्या, पुढे आरसा, मागे आरसा, भिंतीला टांगलेला चामड्याचा पट्टा, थापट मारल्याशिवाय न बोलणारा रेडिओ आणि कोपऱ्यात लहान मुलांना उंच बसवायची फळी. दार ढकललं की पावडर आणि तुरटीचा वास येतो. त्याने आयुष्यभर दाढ्या केल्या, मी आयुष्यभर बस चालवली. शाळेत एका बाकावर होतो. मास्तरांनी एकदा दोघांना एकत्रच वर्गाबाहेर काढलं, तेव्हापासून जे चिकटलो ते चिकटलोच. मला मिसरूड फुटलं तेव्हा त्याने बापाचा वस्तरा चोरून माझ्यावर हात साफ करून घेतला. हनुवटीखाली त्याची खूण अजून आहे. त्यानंतर माझ्या तोंडाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. बायकोचा लागला असेल एकदा रागाच्या भरात, ते सोडा.

त्याची एक रीत होती. अनोळखी गिऱ्हाईक आलं की 'तुम्ही'. ओळख झाली की 'तू'. आणि जीव जडला की शिवी. दुकानात शिवी खाणारे आम्ही मोजकेच होतो आणि तो आम्हाला मान वाटायचा. माझा आवाज मोठा. घरात मी हळू बोललो तर बायको विचारते, बरं नाही का? म्हणून वस्तादने माझं नाव भोंग्या ठेवलं. मी दारात दिसलो रे दिसलो की हा कात्री हवेत धरून ओरडायचा, "आला मेला भोंग्या! रेडिओ बंद करा रे, आता गरज नाही." रोज हेच. आणि रोज मी त्याला उलट काहीतरी ऐकवायचो. दिवस सुरू झाला असं तेव्हा वाटायचं.

आणि त्याची ती बरणी. खुर्चीवर फळी टाकून बसवलं की लहान पोरं भोकाड पसरतात. त्यांच्यासाठी आरशाच्या वरच्या कप्प्यात काचेची बरणी असायची, पिवळ्याधमक लिमलेटच्या गोळ्यांनी भरलेली. तो तिला रडक्यांची बरणी म्हणायचा. नियम असा, की रडेल त्यालाच मिळणार. त्यामुळे शहाणीसुरती पोरंसुद्धा बसल्याबसल्या गळा काढायची आणि एक डोळा बरणीवर ठेवायची. मी एकदा मागितली.

"आधी रड," तो म्हणाला.

"मी मेलो तरी तुझ्यासमोर रडणार नाही."

"मग मेल्यावर ये. तेव्हा फुकट देईन."

असा माणूस.

तर या माणसाला साखर होती, म्हणजे रक्तात. बरीच वर्षं होती, आणि त्याने तिला घरी आलेल्या पाहुण्यासारखं वागवलं. आलीस का, बस. मग बूट चावल्याचं निमित्त झालं आणि पायाला जखम झाली. ती काही केल्या भरेना. पाय जाईल, असा डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा घर खडबडून जागं झालं. वहिनींनी साखरेचा डबा कुलपात घातला. त्याचा मुलगा आता दुकान बघतो. पोरगा गुणी, पण काळजीचं यंत्र आहे नुसतं. त्याने बरणी रिकामी करून तिच्यात कंगवे ठेवले. आणि वस्तादचं तर सगळंच टोकाचं. प्यायचं तर विहीर, नाहीतर थेंबही नाही. सकाळचं खाणं सोडलं, दुपारचं अर्ध्यावर आणलं, चहा बिनसाखरेचा. औषध मात्र ठरल्या वेळी, भरल्या मापाने. जखम भरली. तपासणीचा आकडा खाली आला की कागद नाचवत दुकानात यायचा. "भोंग्या, बघ, पहिला नंबर माझा! शाळेत कधी आला होता?"

मी म्हणायचो, "शाळेत तू माझी नक्कल करायचास, कसा येणार?"

पुढचं हळूहळू आलं. एका गिऱ्हाइकाची दाढी झाली, तोंड पुसून झालं, आणि वस्तादने परत साबण लावला. तोही भिडस्त माणूस, मुकाट्याने दुसऱ्यांदा करून घेतली. मग एकाच्या डोळ्यांवर गरम टॉवेल टाकून हा बाहेर चहा प्यायला गेला आणि तिथेच रमला. टॉवेल गार पडला तरी तो गृहस्थ पडूनच. आम्ही पोट धरधरून हसलो. मग हसू येईनासं झालं. जेवणाची वेळ टळली की त्याचे हात थरथरायचे, कपाळावर घाम यायचा, उगाच पोरावर खेकसायचा. डोळे बघावेत तर घरात दिवा आहे पण हाकेला ओ नाही, असे. चार घास पोटात गेले की परत आपला आपण. लोक म्हणाले, साठी बुद्धी नाठी. मी म्हटलं, साठीला याने केव्हाच मागे टाकलंय. मुलगा म्हणाला, "काका, वय झालं आता बाबांचं." मीही मान डोलावली. आमच्या वयाला काहीही दुखलंखुपलं तरी लोक एकच नाव सांगतात आणि आम्हीही ते मानतो.

आता मिशी. माझा वरचा ओठ डावीकडे जरा चढलेला आहे. म्हणून वस्ताद मिशीचं डावं टोक केसभर लांब ठेवायचा, म्हणजे समोरून सरळ दिसे. हे त्याला आणि मलाच माहीत. बायकोलासुद्धा नाही. माझ्या बसचे प्रवासी मला मिशीवरून ओळखायचे. मिशीवाल्याची गाडी आली, म्हणायचे.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. वहिनींनी पाठवलेला डबा तसाच खुंटीला लटकत होता. मी खुर्चीत बसलो. तोंडाला साबण लागला की मला झोप लागते, जुनी सवय आहे. ओठाला गार लागलं म्हणून जाग आली. डोळे उघडून बघतो तर आरशात डावीकडे मी, आणि उजवीकडे कुणीतरी उघडाबोडका परका.

"अरे मेल्या, काय केलंस हे!" मी असा ओरडलो की शेजारच्या औषधाच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

वस्ताद वस्तरा हातात धरून उभा. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. चेहऱ्यावर ओळखदेख नसलेलं हसू. "झालंच, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही जरा शांत बसा."

तुम्ही. साहेब. मिशी गेल्याचं मी त्याच क्षणी विसरलो.  तेवढ्यात तो कलंडला. मुलाने वस्तरा पकडला आणि मी वस्तादला पकडलं.

दवाखाना चार घरं सोडून. मी अर्ध्या मिशीने, तोंडावर साबण वाळलेला, त्याला बखोटीला धरून आत गेलो. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांना हसू फुटलं असणार, पण हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. वस्तादच्या बोटाला टोचून यंत्रावरचा आकडा बघितला आणि नर्सला म्हणाल्या, "साखरेचं पाणी, लवकर!"

"अहो बाई, साखर?" वहिनी धावतपळत आल्या होत्या, त्या किंचाळल्याच. "त्यांना साखर आहे!"

"आत्ता नाहीये, तोच तर घोटाळा आहे," बाई म्हणाल्या.

दोन पेले पोटात गेले. थोड्या वेळाने त्याचा घाम ओसरला, ओठांना रंग आला. त्याने वहिनींना बघितलं, म्हणाला, "डबा खायचा राहिला गं." मुलाला म्हणाला, "दुकान उघडं टाकून आलास काय, गाढवा?" आमचा जीव भांड्यात पडला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि वहिनींच्या कानाशी जाऊन विचारलं, "हे कोण?"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो. म्हटलं, अर्ध्या मिशीचा माणूस माझ्याही ओळखीचा नाही.

बाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं. मेंदूला रक्तातली साखरच लागते, ती फार उतरली की तो उपाशी पडतो. माणूस बावचळतो, चिडतो, भलतंच करतो. तरण्या माणसाला हातपाय थरथरले की कळतं, म्हाताऱ्याला कधी कळतं कधी नाही. वहिनी रडत म्हणाल्या, की ते औषध घेतल्याचं विसरतात आणि परत घेतात, मला आत्ता संशय येतोय, पाकिटं लवकर संपतात. बाई म्हणाल्या, "बघा ना, विसरतात म्हणून औषध दोनदा, औषध दोनदा म्हणून साखर खाली, आणि साखर सारखी खाली गेली की विसरणं वाढतं. या वयाला साखर इतकी खाली नको, पहिला नंबर नको आपल्याला. पास झालं तरी पुष्कळ." त्यांनी औषध बदललं, ते वहिनींच्या हाती दिलं, वेळेवर जेवण सक्तीचं केलं, आणि म्हणाल्या, जवळ कायम काहीतरी गोड ठेवा.

"वर्षभर जिला दाराबाहेर उभं केलं, तिलाच आता खिशात घेऊन हिंडायचं म्हणे," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

मी विचारलं, "बाई, मग हा विसरभोळेपणा जाईल ना?"

"काही जाईल," त्या म्हणाल्या. "साखरेच्या चढउतारामुळे जेवढा आलाय तेवढा हटेल. पण मला वाटतं विसरण्याचा आजारही वेगळा सुरू झालाय. त्यातलं किती परत येईल आणि काय परत येईल, ते आज कुणी सांगू शकणार नाही. धीर धरा. त्यांच्याशी शांतपणे बोला. हळू आवाजात." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

घरी गेलो, उरलेली अर्धी मिशी स्वतःच्या हाताने काढली. बायकोने बघितलं आणि म्हणाली, "सोललेला बटाटा." मग माझं तोंड बघून ताट वाढायला गेली.

मला एकच हवं होतं. त्याचे हिशेबबिशेब, गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी, जुने किस्से, काय विसरायचं ते विसर बाबा. फक्त मी दारात आलो की एकदा कात्री वर करून म्हण, आला मेला भोंग्या. एवढ्यासाठी मी रोज जायला लागलो.

आणि खरंच, माणूस परत यायला लागला. घाम थांबला, हाताची थरथर थांबली. वहिनी वेळ झाली की डबा घेऊन समोर ठाण मांडायच्या आणि शेवटचा घास जाईपर्यंत उठायच्या नाहीत. मुलाने बरणीतले कंगवे काढले, धुऊन पुसून परत लिमलेट भरल्या आणि मूठभर बापाच्या खिशात घातल्या. दोनदा साबण लावणं बंद झालं. रेडिओला थापट मारून चालू करायचा. औषधाच्या दुकानातल्या त्या उद्धट माणसाला, ज्याच्याशी त्याचं कधी पटलं नाही, त्यालासुद्धा शिवी घातली. तो माणूस मला हसून सांगत आला. मी त्याला म्हटलं, दात कशाला काढतोस, माझ्या वाट्याची असेल ती.

कारण मला तो 'तुम्ही' म्हणायचा. "या, बसा. पेपर घ्या." बस्स. बाकी सगळे त्याला सापडले आणि मीच तेवढा हरवलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. वहिनी म्हणायच्या, "भावजी, मिशी नाही ना, म्हणून. येऊ दे मिशी." मलाही तेच वाटलं. पण मिशी वाढवायची तर दाढी कुणी करायची? मुलगा म्हणाला, काका, मी करतो. मी म्हटलं, तुझ्या हाताला नाव ठेवत नाही पोरा, पण या तोंडाला त्या हाताची सवय आहे. आणि वस्तादला वस्तरा द्यायला पोरगा तयार नव्हता, नुसती कात्री द्यायचा. मग काय, दाढी वाढली, मिशी वाढली, आणि मिशी दाढीत कुठे गेली कुणाला पत्ता नाही. आगीतून फुफाट्यात. आधी त्याच्यासमोर बटाटा बसायचा, आता झुडूप बसायला लागलं.

एकदा मला राहवलं नाही. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी बाईंचा सल्ला ठेवला बाजूला आणि नेहमीच्या आवाजात ओरडलो, "अरे मी आहे मी! भोंग्या!"

तो दचकला. कात्री खाली पडली. भिंतीला टेकून माझ्याकडे असा बघत राहिला की जन्मात विसरणार नाही. माझ्या आवाजाला घाबरला होता तो. ज्या आवाजाची टिंगल करून त्याने आयुष्य काढलं, त्याला घाबरला. मुलगा आतून धावत आला, त्याला पाणी दिलं, आणि मला हळूच म्हणाला, "काका, परत नको." मी कान पकडले. त्या दिवसापासून मी त्या दुकानात हळू बोलतो. इतका हळू, की रेडिओ ऐकू येतो.

घरी आलो, बायको म्हणाली, "बरं नाही का?" मी म्हटलं, नाही, बरं नाही. मला माझा दोस्त हवाय. तिने चहा टाकला.

नंतर मीच हट्ट धरला. मुलाला म्हटलं, तुझ्या बापाचे हात परत आलेत, वस्तरा दे त्याच्या हातात. तो म्हणाला, "आणि गिऱ्हाइकाचा गळा?" मी म्हटलं, माझा घे. बायकोला कळलं तेव्हा ती म्हणाली, एकाचं डोकं ठिकाणावर नाही हे माहीत होतं, दुसऱ्याचं आज कळलं. पण डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, जेवण झाल्यावर, साखर बघून, मुलगा शेजारी उभा असेल तर हरकत नाही. काम हातात असलेलं बरं.

तर गेलो. दुपारची सुस्त वेळ, बाहेर ऊन, आत पंख्याचा आवाज. वहिनींनी जेवण घातलेलं. मुलाने बोटाला टोचून आकडा बघितला, मान हलवली आणि पट्ट्यावर वस्तरा घासून बापाच्या हातात दिला. स्वतः दोन पावलांवर उभा राहिला. मी खुर्चीत बसलो. मानेभोवती कापड आलं. त्याच्या बोटांचा वास तोच, तुरटीचा.

"पहिल्यांदाच येताय?" वस्तादने विचारलं.

"हो," मी हळू म्हणालो.

आधी कात्रीने झुडूप उतरवलं. मग साबण. यावेळी मला झोप आली नाही. ब्रश गोल गोल फिरत होता आणि तो बोलायला लागला, नव्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसं.

"ही दाढी कुणी वाढू दिली एवढी?"

"माझा नेहमीचा कारागीर आजारी होता."

"मग दुसरीकडे जायचं."

"सवय नाही."

"असतात अशी माणसं," तो म्हणाला. "माझाही एक आहे."

वस्तरा गालावरून उतरला, हलका, पूर्वीसारखाच. हनुवटीखाली आला, त्या खुणेपाशी क्षणभर थांबला, आणि तिला वळसा घालून पुढे गेला. 

"कोण एक आहे?" मी विचारलं.

"दोस्त आहे माझा. बस चालवायचा. आवाज असा, की गाडीला हॉर्न कशाला बसवला कळत नाही. भोंग्या म्हणतो मी त्याला." एवढं म्हणून तो हसला. कित्येक दिवसांनी मी ते हसू बघितलं, सगळे दात दिसणारं.

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी आरशातूनच त्याला खुणावलं, थांब.

"मग येत नाही का तो?"

"रोज यायचा. आता नाही येत." वस्ताद वस्तरा पुसत म्हणाला. "मी त्याची मिशी कापली चुकून. म्हणजे सगळे सांगतात, मी कापली. मला आठवत नाही. पण कापली असणार. रागावला असेल. त्याला मिशीचं फार." मग जरा थांबून म्हणाला, "मी दाराकडे बघत असतो. पोरगा म्हणतो, बाबा, लक्ष कुठे आहे? काय सांगू त्याला."

 मी रोज येत होतो. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसत होतो. तो माझी वाट बघत होता आणि मी त्याची, एका खोलीत. मला ओरडावंसं वाटलं की हा बघ, बसलाय तुझ्यासमोर. पण भिंतीला टेकून बघतानाची त्याची ती नजर आठवली आणि तोंड मिटलं.

"नाही रागावणार तो," मी म्हणालो. "येईल."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"थोडंफार."

"भेटला तर सांगा, मिशी परत येते म्हणावं. माणूस नाही येत." त्याने कंगवा घेतला. "तुमच्या मिशीचं काय करू? ठेवायची का?"

"तुमच्या त्या दोस्ताची होती, तशी ठेवा."

त्याने माझी हनुवटी दोन बोटांनी उचलली, मान जरा तिरकी करून बघितलं आणि कामाला लागला. फार वेळ घेतला. एकेक केस. मुलगा कधी जवळ आला कळलं नाही. शेवटी वस्ताद मागे सरकला, ब्रशने मान झटकली आणि खुर्ची आरशाकडे फिरवली.

तीच मिशी. डावं टोक केसभर लांब. समोरून सरळ.

मी आरशात मला नाही बघितलं, त्याला बघितलं. आत्ता, म्हटलं, आत्ता कात्री वर जाईल. तो माझ्या खांद्यावरून आरशात बघत होता. डोळे बारीक केले. ओठ हलले. मुलाने मुठी आवळल्या होत्या.

"हुबेहूब झाली," वस्ताद म्हणाला. "तो असता तर चिडला असता. म्हणाला असता, मेल्या, माझी मिशी दुसऱ्याला लावलीस."

मग माझा बांध फुटला. मी त्याच्यासमोर कधी रडलो नव्हतो, आईबाप गेले तेव्हाही नाही. मानेभोवतीचं ते कापड तोंडावर घेऊन मी हमसून हमसून रडलो. मुलगा "काका, काका" करत होता. वस्तादने त्याला हाताने बाजूला केलं, टाचा उंचावून वरच्या कप्प्यातली बरणी काढली, झाकण फिरवलं, आणि पिवळी लिमलेट माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ बंद केली.

"घ्या. लाजायचं नाही. इथे रडेल त्यालाच मिळते."

मी ती तोंडात टाकली. आंबटगोड होती. त्याने टॉवेलने माझे डोळे पुसले, कापड सोडवलं, झटकलं आणि घडी घातली.

"उद्या येऊ का?" मी विचारलं.

"या ना," वस्ताद दाराकडे बघत म्हणाला. "उद्या कदाचित तोही येईल. तुमची दोघांची ओळख करून देतो."